कॉम्प्रेसरचं ऑइल : तास, ताप आणि पाणी

पंक्चरच्या टपरीपासून चाकणच्या कारखान्यापर्यंत कुणालाही विचारा, कॉम्प्रेसरचं ऑइल कधी बदलता? उत्तर बहुधा एकच येतं : ‘काळं झालं की!’ हे उत्तर डिझेल इंजिनाकडून उसनं घेतलेलं आहे. इंजिनात इंधन जळतं, काजळी तयार होते आणि ती स्वतःत धरून ठेवणं हे इंजिन ऑइलचं कामच असतं. म्हणून डिझेल गाडीत घातलेलं नवं तेल थोड्याच दिवसांत काळं दिसू लागतं आणि तरीही बरेच महिने चोख काम करतं. कॉम्प्रेसरमध्ये काहीच जळत नाही. निदान जळू नये. तिथं तेल काळं पडलं तर करपलेलं असतं ते तेलच. रंगाची वाट पाहत बसणाऱ्याची वेळ तोवर टळून गेलेली असते.

मग नेमकं कधी बदलायचं? उत्पादकांच्या पुस्तिका उघडल्या तर साधारण असे आकडे सापडतात. पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये पहिलं ऑइल ५० ते १०० तासांत काढून टाकायचं. त्यानंतर साधं खनिज तेल दर ५०० तासांनी किंवा दर तीन महिन्यांनी, यांतलं जे आधी येईल तेव्हा. सिंथेटिक असेल तर १००० ते २००० तास. स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये खनिज तेल सुमारे २००० तास, अर्धसिंथेटिक ४००० आणि पूर्ण सिंथेटिक ८००० तास. पहिलं ऑइल सोडलं तर सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त आकड्यात सोळा पटींचा फरक आहे. दोन्ही यंत्रं हवाच दाबतात, तरी एकाला पाचशे तासांत ऑइल लागतं आणि दुसरं वर्षभर त्याच तेलावर अखंड चालतं, हे कसं? कारण या दोन यंत्रांत तेलाला अगदी निरनिराळी कामं करावी लागतात.

पिस्टनचा कॉम्प्रेसर म्हणजे गॅरेजमधला, पट्ट्यावर चालणारा, आडव्या टाकीवर बसवलेला. याच्या क्रँककेसमध्ये जेमतेम लिटर-दोन लिटर तेल असतं. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी दांडी असते. दर फेरीला ती तेलात बुडते आणि तेल उडवते. हे उडालेले शिंतोडे हीच या यंत्राची वंगणव्यवस्था. लहान यंत्रांत तेलाचा पंप नाही, फिल्टर नाही. रिंगा झिजून जी धातूची पूड निघते ती तेलातच राहते आणि पुन्हापुन्हा बेअरिंगवर उडते. नव्या यंत्राचं पहिलं ऑइल इतक्या लवकर का काढायचं, तेही यातच आलं. सुरुवातीच्या तासांत रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना घासून बसत असतात आणि सगळ्यांत जास्त पूड तेव्हाच निघते. गंमत म्हणजे नेमकं हेच ऑइल सगळ्यांत जास्त वेळा बदलायचं राहून जातं. ‘अजून तर नवाच आहे!’ हे त्यामागचं कारण.

तेलाची खरी परीक्षा मात्र खाली क्रँककेसमध्ये होत नाही, ती वर हेडमध्ये होते. हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा एकाच टप्प्यात ७ बारपर्यंत दाबली आणि तिची उष्णता जराही बाहेर जाऊ दिली नाही, तर तिचं तापमान पावणेतीनशे अंशांच्या आसपास जातं, असा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे. सिलिंडरवरच्या पात्या आणि पंखा त्यातली बरीच उष्णता काढून घेतात, पण उरलेली काही कमी नसते. तेच काम दोन टप्प्यांत केलं आणि मधे हवा थंड करून घेतली, तर दर टप्प्याला तापमान सुमारे १३५ अंशांपर्यंतच चढतं. मोठे पिस्टन कॉम्प्रेसर दोन सिलिंडरचे आणि मधे पात्यांची नळी असलेले का असतात, याचं उत्तर याच हिशेबात आहे.

रिंगांमधून थोडं तेल वर जातंच. ते तापलेल्या हवेबरोबर व्हॉल्व्हवर पोहोचतं, तिथं करपतं आणि त्याचा कडक थर जमतो. हा कार्बन जमला की व्हॉल्व्ह नीट बसत नाही. दाबलेली गरम हवा परत सिलिंडरमध्ये शिरते आणि पुन्हा दाबली जाते, म्हणजे आणखी तापते. आणखी तापली की आणखी कार्बन. ‘कॉम्प्रेसर चालतोय पण हवा भरत नाही’ ही गॅरेजमधली नेहमीची तक्रार असते. हेड उघडलं की व्हॉल्व्ह प्लेटवर हाच काळा थर सापडतो. हे चक्र फार पुढं गेलं तर कार्बन आणि तेलाची वाफ पेट घेऊ शकते. बाहेर जाणाऱ्या नळीत आग लागण्याचा धोका हा पिस्टन कॉम्प्रेसरचा जुना आणि चांगला माहीत असलेला धोका आहे. तो कमी करायलाच जर्मन मानक डीआयएन ५१५०६ मध्ये ‘व्हीडीएल’ हा दर्जा ठरवला गेला. २२० अंशांपर्यंत तापलेल्या हवेशी गाठ पडली तरी कार्बन कमीत कमी धरेल, असं हे तेल. डब्यावर ही अक्षरं असली की पिस्टनवाल्याला बाकी जाहिरात वाचायची फारशी गरज नाही.

इथंच इंजिन ऑइलचा प्रश्न येतो. ‘वीस-चाळीस’ घरात पडलंय, तेच ओतलं तर? यंत्र लगेच बंद पडत नाही, म्हणून ही सवय टिकून आहे. पण इंजिन ऑइलमधली काजळी धरून ठेवणारी रसायनं (डिटर्जंट) कॉम्प्रेसरमध्ये पाण्यालाही धरून ठेवतात. खाली बसून निघून जायचं ते पाणी तेलात मिसळतं. शिवाय ही रसायनं तापलेल्या व्हॉल्व्हवर करपली की राख मागं ठेवतात. पिस्टनसाठी साधारणपणे आयएसओ व्हीजी १०० किंवा उष्ण जागी १५० दर्जाचं कॉम्प्रेसर ऑइल सांगितलेलं असतं. हा आकडा म्हणजे ४० अंशांना मोजलेली तेलाची घट्टी. एसएई ३० हे ग्रेड व्हीजी १००च्या जवळ येतं. म्हणून काही पुस्तिकांत बिनडिटर्जंट एसएई ३० चालेल असंही लिहिलेलं असतं. त्यातला ‘बिनडिटर्जंट’ हा शब्द मात्र वाचून सोडून द्यायचा नाही.

स्क्रू कॉम्प्रेसरची गोष्ट वेगळी. अल्फ लिसहोल्म या स्वीडिश अभियंत्यानं १९३० च्या दशकात एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन मळसूत्री रोटरांचा कॉम्प्रेसर वापरण्याजोगा केला. तेव्हाची यंत्रं कोरडी होती. रोटर एकमेकांना लागू नयेत म्हणून बाहेर अचूक गिअर बसवावे लागत. पुढं रोटरांच्या मधेच तेल सोडायची युक्ती आली आणि हा कॉम्प्रेसर स्वस्त, थंड आणि सर्वत्र दिसणारा झाला. इथं तेल तीन कामं एकदम करतं. बेअरिंग आणि रोटरांना वंगण देतं, रोटरांमधली फट बुजवून हवा मागं पळू देत नाही आणि हवा दाबताना निर्माण झालेली बरीचशी उष्णता स्वतः घेऊन कूलरकडे जातं. म्हणून एकाच टप्प्यात ७ बार दाब तयार करूनही बाहेर पडणारी हवा ८०-९५ अंशांच्या आसपास राहते. पिस्टनच्या मानानं हे सौम्यच. तेलही भरपूर असतं, त्याला फिल्टर असतो. म्हणून तासांचा आकडा मोठा.

पण सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. तेच ते तेल मिनिटाला कित्येक फेऱ्या मारतं आणि दर फेरीला बारीक थेंब होऊन दाबलेल्या हवेत मिसळतं. ८ पट दाटलेल्या हवेत ऑक्सिजनही ८ पट दाट असतो. गरम तेल, दाट ऑक्सिजन, सोबत लोखंड आणि तांब्याचे कण : तेल सडायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. ऑक्सिडेशन झालं की तेलात आम्लं तयार होतात, तेल घट्ट होतं आणि कूलरच्या नळ्यांना, थर्मोस्टॅटच्या झडपेला आतून पिवळट-तपकिरी चिकट लेप चढतो. फिटर मंडळी याला वार्निश म्हणतात. वार्निश चढलेला कूलर उष्णता नीट सोडत नाही. तेल आणखी तापतं.

किती तापल्यानं किती बिघडतं, याचा ढोबळ नियम वंगणाच्या क्षेत्रात सगळे वापरतात : तापमान १० अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्म्यावर येतं. स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं १८८९ मध्ये रासायनिक क्रियेचा वेग आणि तापमान यांचं जे नातं मांडलं, त्याचं हे वर्कशॉपमधलं रूप. समजा, ८५ अंशांना ४००० तास टिकणारं तेल आहे. यंत्र सतत ९५ ला चालत राहिलं तर ते २००० तासांतच थकेल आणि १०५ ला हजारात. बहुतेक स्क्रू यंत्रं ११० च्या आसपास स्वतःहून बंद होतात. म्हणजे चंद्रपूरच्या मे महिन्यात यंत्र ट्रिप न होता १०३-१०४ अंशांवर चालवून दाखवणारा ऑपरेटर कौतुकाला पात्र असला, तरी पुस्तिकेतला ४००० हा आकडा त्याच्यासाठी उरलेला नाही.

आणि दोष दर वेळी विदर्भाच्या उन्हाचा नसतो. आपल्याकडं कॉम्प्रेसरची जागा शेवटी ठरते. शेडच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली, एक दार, तेही आवाज नको म्हणून लावून घेतलेलं. कूलरमधून निघालेली गरम हवा खोलीत फिरून पुन्हा त्याच कूलरवर येते. बाहेर ३८ अंश आणि खोलीत ४८, असं दृश्य पुण्या-नाशकातही सहज दिसतं. वर दिलेला नियम लावला तर गरम हवा बाहेर नेणारा पत्र्याचा डक्ट हा तेलाचं आयुष्य दुप्पट करणारा खर्च ठरतो. ऑइलच्या महागड्या डब्याआधी तो करावा.

तापानंतरचा शत्रू पाणी. कोकणातल्या पावसाळ्यातली हवा घेऊ : ३० अंश तापमान, ८० टक्के आर्द्रता. अशा हवेच्या दर घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. १०० सीएफएमचा मध्यम कॉम्प्रेसर तासाला साधारण १७० घनमीटर हवा ओढतो, म्हणजे चार किलोच्या वर पाणी. हवा ७ बारला दाबून ४० अंशांपर्यंत थंड केली की त्यातलं जेमतेम किलोभर पाणी वाफ म्हणून राहू शकतं. उरलेलं तासाला तीन लिटर पाणी होऊन बाहेर येतं. आठ तासांच्या पाळीत दोन बादल्या. हे पाणी कूलरनंतर पडलं आणि ड्रेनमधून गेलं तर बिघडलं नाही. तेलाच्या टाकीत पडलं तर बिघडलं. याच हवेचा हिशेब केला तर टाकीतलं तापमान ६७-६८ अंशांच्या खाली गेलं की पाणी आतच पडू लागतं. त्यामुळंच स्क्रू कॉम्प्रेसरला जास्त थंड चालणंही मानवत नाही आणि तेल पुरेसं तापेपर्यंत थर्मोस्टॅट त्याला कूलरकडे जाऊ देत नाही.

यातून एक उलटा वाटणारा निष्कर्ष निघतो. सगळ्यांत जास्त चालणाऱ्या यंत्राचं तेल सगळ्यांत वाईट असतं असं नाही. इचलकरंजीत एअरजेट मागांना हवा पुरवणारा, तिन्ही पाळ्या न थांबता चालणारा कॉम्प्रेसर सतत गरम असतो आणि वाफ बाहेर टाकत राहतो. त्याउलट वीज गेल्यावर किंवा मोठा बंद पडल्यावर लागेल म्हणून ठेवलेला, महिन्यातून दोनदा दहा मिनिटं चालवून पाहिलेला ‘स्टँडबाय’ कधी नीट तापतच नाही. त्याच्या काचेत दुधाळ तेल दिसतं. तासांच्या मीटरवर वर्षभरात ५० तासही झालेले नसतात. अशा यंत्रासाठीच पुस्तिकेत तासांसोबत महिने लिहिलेले असतात. तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावं, पिस्टनचं तर त्याआधीच, आणि कोकणात पावसाळा संपल्यावर.

धूळ हा तिसरा घटक, पण त्याचा विचार एका यंत्रासाठी खास करावा लागतो. विहिरीच्या खडकात सुरुंगाची भोकं पाडायला येणारा ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर. विहिरी तळाला गेल्या की काम निघतं, म्हणजे उन्हाळा हाच त्याचा हंगाम. सोबत दगडाची पूड आणि दिवसभर पूर्ण दाब. पुस्तिकेतले आकडे स्वच्छ, सावलीतल्या यंत्रासाठी असतात. इथं ते अर्धे धरावेत आणि हवेचा फिल्टर रोज झटकावा. कारखान्यातही हवा कुठून ओढली जाते ते पाहावं. प्लेटिंगच्या टाक्यांशेजारी कॉम्प्रेसर असेल तर आम्लाची वाफ थेट तेलात जाते आणि कितीही महाग सिंथेटिक असलं तरी ते तिच्यापुढं टिकत नाही.

तास मोजायचे कसे? स्क्रूवर मीटर असतोच. त्यातले ‘लोड’ तास न धरता एकूण चालू तास धरायचे, कारण हवा भरत नसतानाही तेल फिरत असतं. एका पाळीत महिन्याचे २६ दिवस चाललं तर २०८ तास होतात. २००० तास भरायला साडेनऊ महिने लागतात. तिन्ही पाळ्यांत तेच सव्वातीन महिन्यांत भरतात. ‘आम्ही दर दिवाळीला बदलतो’ म्हणणाऱ्या कारखान्यात दुसऱ्या पाळीची भर पडली की हा रिवाज किती महागात पडतो, ते या गुणाकारावरून कळावं. गॅरेजच्या पिस्टन यंत्रावर मीटर नसतो. मोटर चालू असतानाचेच तास मोजणारा छोटा अवरमीटर स्टार्टरला जोडून मिळतो. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम आहे.

बदलताना लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक म्हणजे वरून भर घालणं हेच बदलणं समजणं. पातळी उतरली की अर्धा लिटर ओतायचं, असं दोन-तीन वर्षं चालतं. जुन्या तेलातली आम्लं नव्या तेलाची रसायनं लगेच खाऊन टाकतात. त्यामुळं जुनं तेल पूर्ण काढावं लागतं. काढताना यंत्र थोडं चालवून तेल गरम करावं, बंद करावं, दाब पूर्ण सोडावा आणि मगच ड्रेन प्लग उघडावा. दाब असताना स्क्रूच्या टाकीचा प्लग सैल करणं म्हणजे अंगावर उकळतं तेल घेणं. कूलर आणि नळ्यांतलं तेल आपोआप खाली येत नाही; तेही काढावं. ऑइल फिल्टर त्याच वेळी बदलावा. भरताना काचेच्या मध्यावर थांबावं. जास्त भरलं तर पिस्टन यंत्र ते व्हॉल्व्हमधून बाहेर फेकतं आणि रंगाच्या गनमधून तेलाचे ठिपके गाडीच्या पत्र्यावर पडतात.

दुसरी चूक म्हणजे वेगवेगळ्या जातीची तेलं मिसळणं. खनिज तेल आणि पीएओ हे सिंथेटिक एकमेकांशी बऱ्यापैकी जुळवून घेतात. पण पॉलिग्लायकॉल जातीचं तेल खनिज तेलात मिसळलं तर गाळ धरतो. जात बदलायची असेल तर आतून यंत्र धुऊन घेतल्याशिवाय बदलू नये. कंपनीचंच ऑइल घ्यावं का, हा पुढचा प्रश्न. वॉरंटी आहे तोवर घ्यावं. वाद घालण्यात अर्थ नाही. पुण्यात १९५८ पासून कॉम्प्रेसर बनवणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक असो, कोइमतूरची एल्गी असो की ॲटलास कॉप्को, प्रत्येक उत्पादक आपापल्या नावाचं तेल विकतोच. वॉरंटीनंतर मात्र तेलाची जात, व्हीजी आकडा आणि दर्जा जुळत असेल, तर डब्यावरच्या नावाला फार महत्त्व द्यायचं कारण नाही.

मोठ्या स्क्रू यंत्रात पन्नास-शंभर लिटर तेल असतं. तिथं अंदाजानं बदलण्यापेक्षा १००० तासांनी नमुना प्रयोगशाळेत पाठवणं परवडतं. घट्टी किती बदलली, आम्लता किती वाढली, पाणी किती, लोखंड-तांबं किती, हे चार आकडे पुरेसे असतात. तेल अजून चांगलं आहे असा निर्वाळा येऊ शकतो आणि वेळेआधीच संपलं आहे असाही. लिटरभर तेलाच्या यंत्राला हा खटाटोप करू नये. तपासणीचा खर्च नव्या तेलाहून जास्त होईल.

‘आमचा ऑइल-फ्री आहे’ म्हणणाऱ्यांनाही एक विचारावं लागतं, कोणता? दंतवैद्याकडचा छोटा पिस्टन कॉम्प्रेसर खरोखरच बिनतेलाचा असतो, त्याच्या रिंगा टेफ्लॉनच्या असतात. औषध कारखान्यातला मोठा ऑइल-फ्री स्क्रू मात्र फक्त हवेच्या बाजूला कोरडा असतो. त्याच्या गिअरबॉक्समध्ये तेल असतंच आणि ते बदलावंही लागतं.

काढलेल्या तेलाचं काय होतं, हेही बघायला हवं. आपल्याकडं ते बांधकामावर सेंटरिंगच्या प्लेटांना फासलं जातं, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून चोपडलं जातं, नाहीतर शेडमागच्या जमिनीत मुरतं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचरा म्हणून नोंदलेलं आहे आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर वंगण बनवणाऱ्यांवरही वापरलेलं तेल परत गोळा करून त्यावर प्रक्रिया करून घेण्याची जबाबदारी टाकली गेली आहे. त्यामुळं पुढच्या वेळी ड्रेन प्लग उघडताना खाली झाकणाचा स्वच्छ कॅन ठेवा, त्यात पाणी किंवा थिनर मिसळू देऊ नका, आणि टाकीवर ऑइल पेंटनं तारीख, मीटरचे तास आणि तेलाचं नाव लिहून ठेवा. पुढं यंत्र हाताळणाऱ्या फिटरला तेवढं पुरेल.